फुकट, विकत की घरचं?

४ मार्च, मंगळवार

मी कॉलेज सोडलं, पण कॉलेज काही माझी पाठ सोडत नाही!

घरच्या लॅपटॉपवरून साइट उघडायला गेलो तर म्हणे, तुम्ही तेच आहात कशावरून? तुमच्या मेलवर आकडे पाठवलेत, ते टाका. कुठल्या मेलवर? कॉलेजच्या! तो त्यांनी कधीच बंद केलाय. मी मध्येच बाहेर पडलो, त्यांनी दार लावून घेतलं. आकडे गेले असतील कुठल्या तरी विहिरीत.

खातं माझ्या नावावर. आत कोड मात्र काकांच्या कंपनीचा — सगळाच्या सगळा! चष्म्याच्या दुकानांसाठी आम्ही प्रोग्रॅम करतो. डोळ्यांचा नंबर टाकला की भिंगाची ऑर्डर थेट कारखान्यात. सुरुवातीला तो कोड ठेवायला जागा हवी होती. फुकट साइटवर विद्यार्थ्याला जरा जास्त मिळायचं, मी तेव्हा विद्यार्थी होतो. म्हटलं, काका, एक पैसा लागणार नाही! छाती काढून म्हटलं होतं.

ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर मी अजून आत आहे. तेवढाच एक. तिथून बाहेर पडलो की खेळ खलास. मेलच बदलून टाकावा, तर त्यासाठीही जुन्या मेलवर आकडे. किल्ली आत आणि आपण बाहेर.

हे कमी होतं म्हणून की काय, दुपारी मास्तरीण म्हणाली, ‘‘बाबांची बदली झाली. महिनाअखेरीस सगळे जाणार.’’

मास्तरीण म्हणजे ती. कोड लिहिणारे आम्ही दोघंच, साइटवर दोघांत मिळून खातं मात्र ते माझं एकच. माझं लिहिलेलं ती तपासते, तिचं मी. तिनं ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय माझी एक ओळ पुढं सरकत नाही. म्हणून काकांनी नाव पाडलं, मास्तरीण. मला ते ‘स्टोव्ह’ म्हणतात. पंप मारायचा अवकाश, भडकतो म्हणून.

‘सगळे’ म्हणजे तूही का? — हे विचारायचं होतं. विचारलं काय, तर ‘‘चहा घेणार?’’

५ मार्च, बुधवार

काकांना सांगितलं. ते खाली दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. शांतपणे फ्रेम बसवली, आजोबांना आरशात पाहायला लावलं, त्यांना दारापर्यंत सोडलं, आणि मग माझ्याकडे वळले.

‘‘म्हणजे माझ्या दुकानाची किल्ली तुझ्या कॉलेजात?’’

‘‘तसंच काही नाही काका—’’

‘‘मग कसं?’’

शेवटी मास्तरणीनं बाजू घेतली. म्हणाली, कोड कुठं जात नाही. आम्हा दोघांच्याही कॉम्प्युटरवर त्याची पुरी प्रत आहे — कुणी कधी काय बदललं त्या इतिहासासकट. उद्या साइट बुडाली तरी कोड तरंगेल. ‘‘फक्त शेरे जातील,’’ म्हणाली. ‘‘ते साइटवरच असतात.’’

शेरे म्हणजे तपासताना आम्ही एकमेकांच्या ओळींखाली जे लिहितो ते. ती किती सहज म्हणाली — फक्त शेरे!

काकांनी त्या कॉम्प्युटरवर कागद चिकटवला : ‘हात लावू नये. बंद तर मुळीच करू नये.’ आणि मला हुकूम : ‘‘घोळ तू घातलास, निस्तर तूच. पुढं कोड ठेवायचा कुठं? परत फुकट, का विकत, का घरच्या मशीनवर? महिनाअखेरच्या आत मला सांग. आणि ठामपणे सांग. दोन्ही डगरींवर हात नको.’’

७ मार्च, शुक्रवार

कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीपलीकडचे कारकून तेच, स्वेटरही तोच.

‘‘मेल आठवडाभर चालू करून द्या, एवढंच काम आहे.’’

‘‘विद्यार्थी आहेस का?’’

‘‘होतो.’’

‘‘होतो-ला मेल नसतो.’’

मी म्हटलं, आत माझं महत्त्वाचं आहे. ते म्हणाले, सगळ्यांचंच असतं. मग जरा पुढं वाकून, जणू गुपित सांगतायत अशा आवाजात : ‘‘फेरप्रवेश घे. प्रवेश पक्का झाला की मेल आपोआप चालू.’’

म्हणजे आकड्यांची एक ओळ मिळवायला दोन वर्षं शिकायचं! मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. मागच्या रांगेतली पोरं हसली एवढं खरं. कारकूनही हसले, त्यानं जास्त डोकं फिरलं.

घरी आईला कळलं. ती म्हणाली, ‘‘देवालाही वाटतंय तू परत जावंस.’’ देवाचा आणि मेलचा काय संबंध?

८ मार्च, शनिवार

सुट्टी. दिवसभर गादीवर पडून एकच हिशेब.

फुकट साइट — कुठूनही उघडते. विकतची — कुठूनही उघडते. म्हणजे ती बाबांबरोबर गेली तरी तिथून काम करणार. मजेत करणार. मी इथं खाली भिंगं घासायची घरघर ऐकत बसणार.

घरचं मशीन — ऑफिसात. ऑफिसातल्याच वायरीवर. कोडला हात लावायचा तर जिना चढून वर यावं लागेल. जिना चढायचा तर या गावात असावं लागेल!

राहील कुठं, कोण राहू देईल — ते पुढचं पुढं.

हा विचार चांगला आहे की वाईट, कळत नाही. एकदा वाटतं, वा! एकदा वाटतं, शी!

१० मार्च, सोमवार

शेरे उतरवून घ्यायला बसलो. जोवर आत आहे तोवर जेवढे जमतील तेवढे. त्यात कामाचीही कारणं आहेत — नंबर पाव-पावच्या पायरीनंच का घ्यायचा, अक्षाचे अंश कुठून मोजायचे. नवीन माणूस आला तर त्याला कोण सांगणार? म्हणजे कारण अगदीच खोटं नाही.

पण मी उतरवत होतो ते तिचे हे :

‘उणे चिन्ह कुठं गेलं? हा चष्मा घालून माणूस जिना उतरायला जाईल आणि एका पावलात तळाला पोचेल.’

‘या नावाचा अर्थ आज तुला माहीत आहे. उद्या तुलाही नसेल.’

‘रागात लिहिलेला कोड लगेच ओळखू येतो. पाणी पिऊन ये.’

‘छान. (चढून बसू नकोस.)’

ती मागं कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही.

‘‘काय चाललंय?’’

‘‘शेरे उतरवतोय. कामाची कारणं असतात त्यात.’’

‘‘हो का? मग ‘चढून बसू नकोस’ यात कुठलं कारण आहे?’’

कान तापले. म्हटलं, ‘‘सुरक्षेचं.’’ ती इतकी हसली की खालून काकांनी विचारलं, काय झालं रे?

असं हसते. आणि जाणार म्हणते.

१२ मार्च, बुधवार

साइटनंच बाहेर काढलं. ‘बरेच दिवस झाले, पुन्हा आत या.’ कुणी हात लावला नव्हता. काकांचा कागद तसाच चिकटलेला.

निम्मेही उतरवून झाले नव्हते.

१३ मार्च, गुरुवार

बैठक. म्हणजे काका स्टुलावर, आम्ही दोघं खुर्च्यांवर, मध्ये तीन कप.

काका म्हणाले, ‘‘फुकटच घेऊ परत. नवीन खातं काढ, या वेळी कंपनीच्या नावानं. झालं.’’

मी म्हटलं, ‘‘फुकटात राहणाऱ्याला घरमालक कधीही बाहेर काढतो.’’

मास्तरीण : ‘‘आपल्याला घरमालकानं नाही काढलं. तुझ्या कॉलेजनं काढलं.’’

काका खो-खो हसले. मी गिळलं. ‘‘उद्या नियम बदलले तर? आज फुकट आहे ते उद्या अर्धं फुकट होईल. आपली दुकानं त्यावर उभी आहेत.’’

‘‘बरं, विकतचं सांग.’’

‘‘दरमहा, माणशी.’’

‘‘माणशी! कोड काय खानावळीत जेवतो?’’

‘‘त्यात ते बॅकअप घेतात, अडलं तर फोनवर माणूस भेटतो,’’ मास्तरीण म्हणाली.

‘‘आणि घरचं?’’

मी उठूनच उभा राहिलो. आपलं मशीन, आपलं छप्पर, कुणाच्या बापाची ताबेदारी नाही! बरंच बोललो. ती मान खाली घालून कपाशी खेळत होती. मग म्हणाली, ‘‘घरचं छानच असतं. फक्त भांडी कोण घासणार ते आधी ठरव.’’

‘‘मी घासेन!’’

‘‘तुझ्या घरी घासतोस?’’

काकांनी हात वर केला. ‘‘एक सांगा. मास्तरीण तिकडं गेल्यावर काम करू शकेल का?’’

खालची घरघर नेमकी थांबली.

‘‘फुकट, विकत, दोन्हींत करू शकेल,’’ मी म्हटलं.

‘‘आणि घरच्या मशीनवर?’’

‘‘नाही. बाहेरून दार ठेवलं तर धोका. दुकानांची, गिऱ्हाइकांची माहिती असते.’’

खोटं नाही. अर्धं आहे. बाहेरून सुरक्षित वाट काढता येते, मेहनत लागते एवढंच. हे मला माहीत आहे आणि तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी वाट पाहत होतो — आता बोलेल, मला उघडा पाडेल.

ती गप्प बसली. का?

१५ मार्च, शनिवार

सुट्टी असून गेलो. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, पुसला, नवी डिस्क घातली. काकांच्या टेबलाशेजारी, खिडकीखाली ठेवला. आमच्या कॉपीवरून सगळा कोड त्यावर चढवला. इतिहास जशाचा तसा आला — पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक ओळ, तिची आणि माझी.

ओळींखाली मात्र काही नाही. घर बांधून झालंय, आत कुणी बोलत नाही, असं.

१७ मार्च, सोमवार

कमाल झाली! तिनं मशीन पाहिलं, इकडून तिकडं दोन-चार गोष्टी चालवून बघितल्या, आणि काकांना म्हणाली, ‘‘हेच ठेवू या. आपला कोड आपल्याकडे.’’

मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. ही बाई चहासुद्धा दोन हरकती घेतल्याशिवाय मंजूर करत नाही!

मला विचारलं, ‘‘बॅकअप कुठं घेतोस?’’

‘‘यावरच.’’

एरवी मला सोलून काढलं असतं. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवतोस का, असलं काहीतरी. आज म्हणाली, ‘‘ते दुसरीकडे घे.’’ बस्स.

काका म्हणाले, ‘‘मास्तरीण म्हणते म्हणजे ठीकच असणार.’’

जिंकलो. मग असं चुकल्यासारखं का वाटतंय? हे मशीन ठेवलं तर तिचंच काम सुटणार, आणि तीच म्हणते ठेवा. काम सोडायचंच आहे का तिला? कंटाळली? मला कंटाळली?

१९ मार्च, बुधवार

तिचे बाबा आले होते. वाचायचा चष्मा करायला म्हणून आले, मग काका त्यांना वर घेऊन आले. शांत माणूस, बोलताना प्रत्येक शब्द चाचपून ठेवणारा.

काकांना म्हणाले, ‘‘नोकरी चांगली आहे, माणसं चांगली आहेत. तिकडून करता आली तर सोन्याहून पिवळं. नाहीतर सोडावी लागेल. एकटी पोरगी इथं ठेवायची म्हणजे…’’

काकांनी माझ्याकडे बोट केलं. ‘‘या पठ्ठ्यानं ऑफिसातच मशीन बसवलंय. बाहेरून उघडत नाही.’’

बाबांनी मशीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ‘‘म्हणजे सगळं यांच्यावर आहे तर.’’ ‘यांच्यावर’ म्हणाले! मला! जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

ती पटकन म्हणाली, ‘‘बाबा, आपण घरी बोलू.’’ चेहरा लाल झालेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नोकरी सोडावी लागेल. मी तिला जवळ ठेवायला मशीन लावलं, आणि तिचाच घास काढून घेतला.

२० मार्च, गुरुवार

जेवलो नाही. आई म्हणाली, ‘‘कुणाशी भांडलास?’’

‘‘स्वतःशी.’’

‘‘मग जिंक एकदाचा आणि पानावर बस.’’

२२ मार्च, शनिवार

आज काका म्हणाले म्हणून दोघांनाही यायचं होतं. मी लवकर गेलो. मशीनचं झाकण उघडलं. आत पंख्यावर पांढरा थर — खाली भिंगं घासतात त्याची भुकटी, जिन्यावरून वर येते. आठवड्यात एवढी! मनातून बरं वाटलं. खरं कारण सांगता येणार नव्हतं, हे खोटं नव्हतं.

ती आली ती खुशीत. शिट्टी वाजवायचीच बाकी होती. म्हणाली, ‘‘ऐक, तुला एक सांगायचंय.’’

मी म्हटलं, ‘‘आधी माझं ऐक.’’ धीरच नव्हता! एकदा का थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं. काकांना हाक मारली, झाकण उघडं दाखवलं. म्हटलं, हे मशीन चालणार नाही. विकतचंच घ्या.

काका : ‘‘अरे! परवापर्यंत घरचं-घरचं करून माझं डोकं खाल्लंस!’’

‘‘धूळ बघा. आणि मशीन बिघडलं तर दुकानांच्या ऑर्डरी अडकतील.’’

‘‘धूळ झाडता येते,’’ ती म्हणाली.

‘‘रोज?’’

‘‘रोज. मी झाडेन.’’

‘‘तू इथं असणार आहेस का झाडायला?’’

जरा जोरातच निघालं तोंडातून. ती थांबली. खुशी कुठल्या कुठं गेली.

‘‘तुला नक्की काय हवंय?’’ तिनं विचारलं.

काय हवंय! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी सरळ विचारलं आणि मी काय म्हणालो? — ‘‘सगळ्यांची सोय.’’

‘‘सगळ्यांची,’’ ती म्हणाली. पर्स उचलली आणि खाली गेली.

काका बराच वेळ डोकं खाजवत होते. ‘‘फुकटाचं पाहिलं, घरचंही पाहिलं. ठरलं मग. विकत.’’

मशीनचं बटण मीच दाबलं. पंखा हळूहळू थांबला. मोठं काहीतरी केलं असं वाटायला हवं होतं. झाकण परत लावलं, स्क्रू आवळले.

ती काय सांगणार होती, ते राहिलंच.

२४ मार्च, सोमवार

विचारलं, ‘‘परवा काय सांगणार होतीस?’’

‘‘काही नाही.’’

‘‘सांग ना.’’

‘‘आता उपयोग नाही. तू काम कर.’’

मी तिची नोकरी वाचवली आणि ती माझ्याशी धड बोलत नाही! हिला कळतंय तरी का मी काय सोडलं? हिला कळू नये म्हणूनच तर सोडलं. मग राग कशाचा येतोय मला?

संध्याकाळी वाटलं, तिला राग आलाय तो मी उलटसुलट वागलो याचा. तिला पहिल्यापासून असली माणसं आवडत नाहीत — सकाळी एक, दुपारी दुसरं. बरोबरच आहे तिचं.

मग वाटलं, नाही, दुसरंच काहीतरी आहे.

मग काहीच वाटेना.

२६ मार्च, बुधवार

नवीन साइटवर सगळं चढवलं. खातं कंपनीच्या नावानं, कंपनीच्या मेलवर. किल्ली काकांकडे एक, माझ्याकडे एक, तिच्याकडे एक. काकांना शिकवायला तासभर लागला. पासवर्ड काय ठेवू म्हणाले. मी म्हटलं, कुणाला ओळखता येणार नाही असा ठेवा. त्यांनी डोळे मिटून विचार केला, टाकला, आणि विसरले.

ती हसली नाही. मी हसलो तेही एकट्यानं.

तिथून काम कसं चालेल ते दाखवायला तिनं लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर जोडला. दोन मिनिटांत उघडलं. काका म्हणाले, ‘‘वा! बाबांना सांग, काही अडचण नाही.’’

‘‘सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘ते फार खूश आहेत.’’

हे असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की दाढ काढली.

२८ मार्च, शुक्रवार

तिचा ऑफिसातला शेवटचा दिवस. खण रिकामा केला. खालच्या कारागिरांनी तिला चष्म्याचं एक लाल घर दिलं — चष्मा लागत नाही तरी. काका म्हणाले, ‘‘लागेल कधीतरी, कोड वाचून वाचून.’’ डोळे पुसायला रुमालाऐवजी भिंगं पुसायचं फडकं काढलं त्यांनी.

जिन्यापर्यंत मी गेलो. ठरवून गेलो होतो, आज बोलायचं. चार वाक्यं तयार होती. आंघोळ करताना मोठ्यानं म्हणून पाहिली होती.

ती दोन पायऱ्या उतरून थांबली. वळली. मी बोलायची वाट पाहत होती असं आता वाटतंय. तेव्हा वाटलं, घाईत आहे.

म्हटलं, ‘‘तिकडं नेट चांगलं आहे ना?’’

‘‘नेट?’’ माझ्याकडे बघत राहिली. ‘‘नेट छान आहे.’’

गेली.

गाढव! गाढव! गाढव!

३१ मार्च, सोमवार

तिकडून पहिलं काम आलं. मी शनिवारी लिहिलेला कोड तिनं तपासला. खाली एकच शब्द : ‘मंजूर.’

एवढंच. ना टोमणा, ना हरकत. पुन्हा पुन्हा वाचलं, काहीतरी आणखी असेल म्हणून खाली सरकवत राहिलो. काका म्हणाले, ‘‘बघ, ती इथं असल्यासारखंच चाललंय की!’’

१ एप्रिल, मंगळवार

आज मुद्दाम एका ठिकाणी उणे चिन्ह गाळलं. जिना उतरताना पडणारा माणूस येईल म्हणून.

उत्तर आलं : ‘उणे चिन्ह.’

दुरुस्त केलं. ‘मंजूर.’

पैसे भरून जागा घेतली, सगळं नीट, कुठं काही हरवत नाही, रोजचा बॅकअप — आणि जपायला काही नाही त्यात.

२ एप्रिल, बुधवार

फोन करावा का? काय म्हणून? कामाचं काही नाही. कामाचं नसलेलं तर मुळीच नाही.

आई म्हणते, कॉलेजचा फॉर्म तरी आणून ठेव. ठेवतो म्हटलं. ती इतकी चकित झाली की तव्यावरची पोळी करपली.

३ एप्रिल, गुरुवार

काका बाहेर होते. खालून कारागिराची हाक आली, ‘‘स्टोव्ह, दुकानाचा फोन घे रे, ऑफिसचं काम आहे म्हणतायत.’’ मुलींच्या वसतिगृहातून बाई बोलत होत्या. म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडच्या मुलीनं एक तारखेपासून खोली घेतलीय. काम ऑफिसातूनच होतं, बाहेरून होत नाही, म्हणून इथं राहायचंय असं सांगितलं होतं. वडीलही एकवीस तारखेला येऊन बघून गेले, हो म्हणाले. आता मुलीचा पत्ता नाही. खोली सोडतेय असंही तिनं कळवलेलं नाही. दुसरीला देऊ का?’’

एकवीसला. मी मशीन बावीसला बंद केलं.

‘‘देऊ नका,’’ म्हटलं.

‘‘तुम्ही कोण तिचे?’’

‘‘मशीन बंद केलं तो.’’ बाईंना काय कळणार! म्हटलं, ‘‘संध्याकाळपर्यंत थांबा. तिला विचारून सांगतो.’’

फोन ठेवला नाही. नुसता खटका दाबला आणि तिचा नंबर फिरवला. वाजतोय—